गाडीतला पिवळा दिवा काय सांगतो?

आज आपण पापड-मसाल्याचं नाही, गाडीचं बोलणार आहोत. हसू नका. माल न्यायला-आणायला आता कितीतरी गटांकडे स्वतःची नाहीतर भाड्याची गाडी असते, आणि तिच्या दुरुस्तीचा पैसा शेवटी आपल्याच कमाईतून जातो.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमचा गट अहमदपूर तालुक्यातला. गटाची पेट्रोलवरची व्हॅन आहे. आठवड्यातून एकदा लातूरला आणि एकदा नांदेडला डाळ, पापड, काळा मसाला पोचवतो. गाडी गटातलीच एक सून चालवते. त्या दिवशी नांदेडला निघालो, लोहा मागं टाकलं आणि स्टिअरिंगसमोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी चालत होती. आवाज नाही, धक्का नाही. तरी सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

माल उतरवून एक गॅरेज गाठलं. मिस्त्रीनं बॉनेटही न उघडता सांगितलं, "ताई, कॅट गेलाय. नवा टाकावा लागंल." किंमत ऐकली, तर गटाच्या वर्षभराच्या बचतीहून जास्त! आमच्या खजिनदार ताईंचा पुतण्या आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिकतो. त्याचं बोलणं त्यांच्या ध्यानात होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, आधी मशीन लावून कोड काढा आणि कागदावर लिहून द्या."

हा कोड म्हणजे काय, ते कळायला आधी धूर समजून घेऊ. चूल आठवा. लाकूड जास्त आणि वारा कमी झाला की धूर होतो. फुंकणीनं वारा दिला की जाळ स्वच्छ होतो. इंजिनातही पेट्रोल आणि हवा यांचं माप बसावं लागतं. चुलीपाशी आपले डोळे असतात, इंजिनात सेन्सर असतो. धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते बघतो. त्यावरून गाडीतला छोटा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो.

तरीही थोडा विषारी वायू उरतोच. तो मारायला पुढं एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजवाले त्यालाच कॅट म्हणतात. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप असतो, म्हणून त्याची किंमत एवढी. जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड या डब्यातून जाताना कार्बन डायऑक्साइड होतो. न जळलेल्या पेट्रोलचंही तिथंच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. डब्याच्या पलीकडे दुसरा सेन्सर राखणदारासारखा बसलेला असतो. डबा काम करतो की नाही, हे तो बघतो.

देशभर १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ हा धुराचा कडक नियम लागू झाला. या सगळ्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा गाडीतच असते. तिला खोट दिसली की ती कोड नोंदवते आणि पिवळा दिवा लावते.

मशीन लावलं. कोड निघाला पी ०१४१. कॅटचं काम कमी पडतंय, हे सांगणारा कोड वेगळा असतो, पी ०४२०. तो नव्हताच! पी ०१४१ म्हणजे दुसऱ्या सेन्सरला गरम करणाऱ्या हीटरच्या विजेच्या वाटेत दोष. सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या आत छोटा हीटर असतो.

मग सेन्सर बदलायचा का? नाही, थांबा. घरात बल्ब लागला नाही तर आपण लगेच बल्ब फेकत नाही. फ्यूज बघतो, वायर बघतो. इथंही तसंच. इंजिन गार झाल्यावर मिस्त्रीनं गाडीखाली पाहिलं, तर सेन्सरची वायर कुरतडलेली! आमची गाडी उभी राहते त्याच शेडमध्ये सोयाबीनची पोती असतात, आणि पोती तिथं उंदीर. वायर जोडून वर उष्णता सोसणारं आवरण घातलं. कोड पुसला, गाडी फिरवून आणली, पुन्हा तपासली. दिवा लागला नाही. खर्च काहीशे रुपये. मिस्त्रीही हसून म्हणाला, "बरं झालं ताई, आधी कोड काढायला लावला."

कोड दोषाची जागा दाखवतो, पण कोणता भाग खराब आहे ते दर वेळी सांगत नाही. म्हणजे कोड हा गावाचा पत्ता. घर आपल्याला शोधावं लागतं. पी ०४२० आला तरी आधी धुराची नळी कुठं फुटली आहे का, सेन्सर ठीक आहे का, हे तपासून मगच कॅटला हात लावावा.

आता एवढं गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश जाता येतं. पण दोन-चार दिवसांत तपासून घ्या.

दिवा लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर बाजूला घेऊन बंद करा. अशा वेळी पेट्रोल न जळताच कॅटमध्ये जातं, तिथं पेटतं आणि जाळी वितळू शकते. कारण बहुतेकदा स्पार्क प्लग किंवा कॉइलसारखं लहान असतं, पण तसंच चालवलं तर खर्च मोठा होतो.

तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर एक किलोमीटरही पुढं जाऊ नका.

कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका. नुसता दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा. बदललेला जुना भाग आणि बिल मागून घ्या.

पीयूसी मिळालं म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. पीयूसीवाला उभ्या गाडीचा त्या घडीचा धूर मोजतो. गाडीतली यंत्रणा चालत्या गाडीवर लक्ष ठेवते. पीयूसी मात्र वेळेवर काढाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात प्रदूषणाच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून माल भरू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

आम्ही आता पोती दुसरीकडे हलवली आहेत आणि दर सोमवारी बॉनेट उघडून वायरी बघतो. चुलीचा धूर बघून जाळ कसा आहे ते आपण ओळखतोच. गाडीचंही तसंच शिकता येतं. पुढच्या बैठकीत तुमच्या गटाची गाडी चालवणाऱ्या ताईला किंवा दादाला एवढंच विचारा, पिवळा दिवा लागतोय का? आणि लागला तेव्हा कोड लिहून घेतला होता का?