तिथीची पाऊणपट आणि किनाऱ्यावरचे पक्षी

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. कोळ्यांची होडी या हिशोबावर निघते आणि किनाऱ्यावरचे पक्षीही त्यावरच जगतात. त्यामुळे पक्ष्यांचे छायाचित्र काढायला निघणाऱ्याने कॅमेऱ्याआधी पंचांग उघडावे.

अलिबागशेजारचे आक्षी अभ्यासकांना मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एकासाठी माहीत आहे, पक्षीनिरीक्षकांना तिथल्या वाळूसाठी. अलिबागजवळच्याच किहीमला पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास सुगरणींच्या विणीचा अभ्यास केला. हिवाळ्यात आक्षीच्या पुळणीवर कुरव, सुरय, चिखल्या आणि ऑयस्टरकॅचर म्हणजे कालवफोड्या उतरतात. ईशान्य सायबेरियात वीण करणारा ग्रेट नॉटही इथे दिसतो. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो आज संकटग्रस्त आहे.

द्वादशीची सकाळ इथे उत्तम. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने उजाडल्यावर सूर्य पाठीशी येतो आणि चढते पाणी पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलते. डिसेंबरमधल्या अशा एका द्वादशीला मी झुंजुमुंजू होतानाच ओल्या वाळूवर पालथा पडलो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर भिंग आणायला दुसरा मार्ग नाही. पक्ष्यांच्या मागे फिरायचे नाही, पाणी कुठवर चढेल ते पाहून आधीच तिथे पडून राहायचे. तासाभरात तुम्ही त्यांच्या लेखी ओंडका होता.

कालवफोड्या जवळ आला तो शिंपले शोधत. काळ्या-पांढऱ्या अंगावर नारिंगी-लाल चोच लांबूनही उठून दिसते. किंचित उघडलेल्या शिंपल्यात तो चोच सुरीसारखी घालतो आणि दोन्ही झाकणे मिटून धरणारा स्नायू कापतो. मग आतले मांस सहज ओढून निघते. काही कालवफोडे कवच ठोकून फोडतात. सतत वाढणाऱ्या चोचीचे टोक या सवयीप्रमाणे झिजते: ठोकणाऱ्याचे बोथट, स्नायू कापणाऱ्याचे छिन्नीसारखे. स्पष्ट छायाचित्रात चोचीच्या टोकावरून त्या पक्ष्याच्या जेवणाची पद्धत ओळखता येते.

नऊच्या सुमारास भरती पुरी झाली. खाण्याची जागा पाण्याखाली गेली आणि सारा थवा कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीने, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. छायाचित्रकाराला खरा मोह इथे पडतो. थव्याकडे धावत गेले की शेकडो पंख एकदम उघडतात आणि चित्र जोरदार येते. त्याची किंमत पक्षी मोजतात. मार्च-एप्रिलमध्ये परतीला निघण्याआधी त्यांना चरबी साठवावी लागते. काही जातींचे वजन त्या काळात जवळजवळ दुप्पट होते. ही साठवण किती लांब पुरते हे 2022 मध्ये बार-टेल्ड गॉडविट या किनारपक्ष्याच्या एका पिल्लाने दाखवले: अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटर, 11 दिवस, एकदाही न थांबता. भरतीच्या विश्रांतीत थवा उठवला की हीच साठवण खर्ची पडते, आणि पाणी उतरेपर्यंत ती भरून काढायला खाणे नसते.

शनिवार-रविवारी अलिबाग परिसरातल्या पुळणींवर घोडागाड्या, वाळूत पळणाऱ्या मोटारी आणि मोकाट कुत्री असतात. त्यांच्यामुळे थवा पुन्हापुन्हा उठतो. त्यात आपण भर घालू नये. मान ताठ झाली, पक्षी चालायला लागला, की मागे सरकायचे. घरी आल्यावर छायाचित्राखाली तारीख, वेळ आणि ठिकाण लिहायचे. पायातल्या रंगीत पट्टीवरची अक्षरे वाचता आली तर ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवायची. 1883 पासून काम करणारी ही संस्था पक्ष्यांना कडी घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासते. हौशी माणसाचे एक चित्र तिथे नोंद म्हणून उपयोगी पडते.

याहून मोठे काम गावाच्या हाती आहे. ऑक्टोबर ते मार्च, भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास थव्याच्या विसाव्याचा पट्टा वाहनांना आणि घोड्यांना बंद ठेवावा. ग्रामपंचायतीने एक दोरी आणि एक फलक लावला तरी पुरे. वेळ ठरवायला यंत्र लागत नाही. तो हिशोब गावातल्या प्रत्येक कोळ्याला पाठ आहे.