देव सर्वसमर्थ आहे, मग पूर का येतो?

ज्यांना पॉडकास्ट ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लेखी. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे बघा' निम्मे काढून टाकलेत.

आजचा विषय एका श्रोतीच्या मेसेजमुळं निघाला. तिनं विचारलंय, "ख्रिस्ती लोक म्हणतात, देवानं सगळं जग निर्माण केलं, तो सर्वसमर्थ आहे, त्याच्यावर भरवसा ठेवा. मग २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी आलं तेव्हा तो काय करत होता? आणि ज्यांच्या घरात पाणी आलं नाही, त्यांचा भरवसा आमच्यापेक्षा जास्त होता का?"

प्रश्न एकदम कोल्हापुरी आहे. पावसाळ्यात उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणारी माणसं आपण. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि त्या वर्षी आकडा ५५ च्याही पुढं गेला. अशा गावात 'देव सांभाळतो' हे वाक्य सहज फेकून चालत नाही.

तर आधी, निर्माणकर्ता म्हणजे ख्रिस्ती लोकांना नक्की काय म्हणायचंय?

बायबलचं पहिलंच पुस्तक 'उत्पत्ती', आणि सुरुवात तिथूनच. ही कथा मराठी ओवीत कुणी आणली माहितीये? थॉमस स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज जेजुइट पाद्रीनं! १५७९ मध्ये तो गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून आलं. सुमारे ११ हजार ओव्या. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून १४ वर्षं होती. आणि छपाई रोमन लिपीत, म्हणजे आपण व्हॉट्सॲपवर मराठी टाइप करतो तोच प्रकार.

त्या कथेतला मुख्य मुद्दा असा की देव वेगळा आणि सृष्टी वेगळी. आपल्याकडं कणाकणात देव बघायची सवय आहे, नदीला आपण आई म्हणतो, तिची ओटी भरतो. ख्रिस्ती शिकवण म्हणते, नदी सुंदर आहे, चांगली आहे, पण ती देव नाही, देवानं केलेली आहे. आणि तीही कुठला कच्चा माल घेऊन नाही. काहीच नव्हतं, तिथून. मूळ हिब्रूत यासाठी 'बारा' असं क्रियापद आहे, आणि बायबलमध्ये या अर्थानं त्याचा कर्ता नेहमी देवच असतो, माणूस कधीच नाही.

इथं माझ्यातला इंजिनियर लगेच हात वर करतो. म्हणजे देव डेव्हलपर झाला की! कोड लिहिला, डिप्लॉय केला, सुट्टीवर गेला. तर नाही. त्या मताचे लोक युरोपात होऊन गेले, पण चर्चची शिकवण ती नाही. चर्च म्हणतं, देवानं जग एकदा केलं आणि सोडून दिलं असं नाही, तो ते प्रत्येक क्षणी धरून आहे. सर्व्हरची वीज गेली की ॲप 'बिघडत' नाही, ते चालूच राहत नाही, साधारण तसं. उपमा एवढीच ओढतो, कारण वीज कुणावर प्रेम करत नाही. ख्रिस्ती उपासनेत सगळे उभं राहून आपला विश्वास जाहीर करतात, त्यात देवाला आधी पिता म्हटलंय, मग सर्वसमर्थ, आणि मग निर्माणकर्ता. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सत्ता बापाच्या हातातली आहे, एखाद्या ठाणेदाराच्या नाही.

आता श्रोतीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ज्यांच्या घरात पाणी आलं नाही त्यांचा भरवसा जास्त होता का?

याला बायबलमध्ये चक्क थेट उत्तर आहे. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली होती. येशू त्या घटनेचा उल्लेख करून विचारतो, ही १८ माणसं शहरातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात. नोहाच्या जलप्रलयाची आठवण कुणी करून दिली तर त्यांना सांगा, त्याच गोष्टीच्या शेवटी देव पुन्हा तसा प्रलय आणणार नाही असं वचन देतो. प्रत्येक पुरावर शिक्षेचा शिक्का मारायला बायबलचा आधार मिळत नाही.

आणि मग ईयोब. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलेलं नसतं. हा सज्जन माणूस. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड उठले. त्याला भेटायला तीन मित्र येतात आणि सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. इथपर्यंत ते उत्तम. मग तोंड उघडतात आणि सगळं बिघडवतात: तू काहीतरी केलं असशील, उगाच नाही असं होत. ईयोब ऐकून घेत नाही. तो देवाशीच भांडतो, जाब मागतो.

शेवटी देव बोलतो, पण कारण सांगत नाही. तो उलट प्रश्न विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? पावसाला वाट कोण काढून देतं? रानबकऱ्या कधी वितात तुला ठाऊक आहे का? पानंच्या पानं नुसती सृष्टी. पहिल्यांदा वाचताना मला हे टाळाटाळ केल्यासारखं वाटलं होतं, आणि अजूनही थोडं वाटतं. पण शेवट बघा. देव रागावतो तो भांडणाऱ्या ईयोबवर नाही, त्याची बाजू घेऊन शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर! म्हणून पूरग्रस्ताला किंवा आजारी माणसाला 'तुझा विश्वास कमी पडला' असं कुणी सांगत असेल, तर तो बायबलमधल्या चुकीच्या पात्राचे संवाद म्हणतोय.

हे एवढं लावून धरतोय, कारण असल्या रील्स भरपूर फिरतात. विश्वास ठेवा आणि गोळ्या बंद करा. भावांनो, येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतान हेच सांगतो: उडी मार, देव झेलेल. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, म्हणतो. भरवसा आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या शेजारी मिरजेला १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं. ते मिशनरीही होते आणि सर्जनही. प्रार्थना आहे म्हणून ऑपरेशन नको, असं त्यांना कधी वाटलं नाही.

भरवसा म्हणजे काय ते बघायचं तर मला पंडिता रमाबाई सगळ्यात पटतात. हिशेब मांडा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण गेली. १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तिथंही त्यांना शिकवणाऱ्या जोगिणींशी धर्मातल्या मुद्द्यांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. डोळे मिटून मान्य करणारी बाई नव्हतीच ती.

पुढं केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली, विधवा आणल्या आणि मुक्ती मिशन उभं केलं. देव पाठवेल असं म्हणत त्या आकाशाकडं बघत बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छापखान्याचं काम शिकवलं. पैसा कुठून येणार याची खात्री अनेकदा नसायची, तेव्हा प्रार्थना. विहीर मात्र खोदूनच.

याच काळात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण गावातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल त्यांना आणायचं होतं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम चालूच होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये बायबल छापून पूर्ण झालं. भरवसा ठेवला की दुःख येत नाही असा सौदा असता, तर या बाईचा हिशेब कधीच जुळला नसता.

पुराकडं परत येऊ. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत करायला आणि राखायला. तेव्हा पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, धरणातून पाणी कधी सोडलं, हे प्रश्न देवावर ढकलायचे नाहीत. ते महापालिकेला आणि पाटबंधारे खात्यालाच विचारायचे.

आणि 'तो काय करत होता?' हा प्रश्न मात्र देवालाच विचारायचा. स्तोत्रसंहितेत अनेक ठिकाणी लोक तेच करतात: तू झोपलास का, तोंड का लपवलंस, किती दिवस असं? ही भाषा प्रार्थनेच्या पुस्तकातली आहे. श्रद्धा नसलेला माणूस कुणाकडं तक्रार करणार? त्यामुळं ताई, तुमचा मेसेज मी प्रार्थनेतच धरतो, चालेल ना?

ईयोबचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे, देवाचं बोलणं ३८ व्यापासून सुरू होतं. फोनवर मराठी बायबलचं ॲप फुकट मिळतं. वाचा, आणि देवाचं उत्तर पटलं नाही तर का नाही पटलं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात तुमच्या नोट्स लावतो.