खेकडीचें मातृत्व

गेल्या ज्येष्ठांत राणीसावरगांवीं पहिला पाऊस पडला आणि नातवंडांनीं ओढ्याकांठची एक खेकडी काठीनें उलथी पाडली. तिच्या पोटाखालून बारीक पिलें चोहोंकडे पांगलीं. “आईचें पोट फाडून निघालीं हो!” म्हणून घरांतील वडीलधारी मंडळी हळहळली.

हा समज फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वांत द्रौपदी जयद्रथास बजावते कीं, खेकडीस तिचा गर्भ जसा घातक, तसें माझें हरण तुला घातक होईल. उपमा समर्पक खरी. परंतु खेकडीवर तींत अन्याय झाला आहे. तिचें पोट फाटत नाहीं. पोटाखालीं दुमडलेली एक रुंद झडप असते. तिच्या आड ती अंडीं सांभाळते, आणि पिलें निघाल्यावरही कांहीं दिवस तेथेंच वागविते.

समुद्रांतील खेकड्यांचीं सूक्ष्म पिलें लाटांबरोबर दूरवर वाहत जातात. ओढ्यांतील खेकड्याचें तसें नाहीं. त्याचें पिलूं अंड्यांतून निघतें तें आईबापांसारखा चिमुकला खेकडा होऊनच. त्यामुळें त्याचा प्रसार मंद. मध्यें एखादी डोंगररांग आली कीं वंश निराळा पडतो, आणि कालांतरानें जातिही निराळी होते. हिंदुस्थानांत गोड्या पाण्यांतील खेकड्यांच्या शंभरांहून अधिक जाति आहेत. सह्याद्रींतील कांहीं खेकड्यांसाठीं तर २०१४ सालीं ‘घाटियाना’ ही नवी प्रजाति शास्त्रज्ञांस योजावी लागली.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील पर्वतांत झिंग्याच्या आकाराचा, पण मोठ्या नांग्यांचा क्रेफिश नांवाचा प्राणी आहे. आपल्या देशांत तो मूळचा नाहीं. त्याची मादीही शेपटीखालीं पिलें वागविते. त्याच्या कित्येक जाति वर्षावनांतील एखाद्या शिखरावरच्या थंड ओढ्यांपुरत्याच उरल्या आहेत. तें पाणी तापलें किंवा आटलें, तर त्यांनीं जावें कोठें?

आपल्या ओढ्याचेंही तेंच. एक आई मारली कीं तिच्याबरोबर पुढची पिढी जाते. ती जागा भरण्यास दुरून वाहत कोणी येत नाहीं. पंचतंत्रांतील ब्राह्मणपुत्रास आईनें प्रवासांत सोबत म्हणून खेकडा दिला, आणि त्यानेंच सर्पापासून त्याचे प्राण वांचविले. ही गोष्ट मुलांस सांगावी, आणि जोडीस एवढें शिकवावें कीं अरुंद झडप नराची, रुंद झडप मादीची. रुंद दिसली कीं हात आवरावा.

आमच्या नातवंडांनीं ती खेकडी सुलटी करून पाण्याकांठीं ठेविली, आणि पिलें वेंचण्यास सारींजणें ओणवीं झालीं.