दगडाला बोलतं करणारी माणसं

घण उचलण्याआधी खाणकऱ्याने दगडावरून तळहात फिरवला, हातोडीने दोन ठिकाणी टकटक केलं आणि कान दिला. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या गेदलोंच्या खाणीत दगडाच्या प्रतीला आवाजावरून नावं आहेत: पिफ, पाफ, पूफ. पिफ म्हणजे खणखणीत वाजणारा, टणक. पाफ मधला. पूफ म्हणजे आवाज पोटातच जिरवणारा, भुसभुशीत. इथला वालुकाश्म लोहामुळे गंजासारखा तांबूस दिसतो आणि एकाच खडकात त्याची प्रत बदलते.

या रानात 1997 पासून एक किल्ला बांधला जातो आहे, 13 व्या शतकातला, म्हणजे त्या काळच्या साधनांनी. जवळच्या सें-फार्जोच्या गढीला नवं आयुष्य देणारे मिशेल गुयो यांच्या मनातली ही कल्पना. मारिलिन मार्तां यांनी ती उभी केली, चालवली. दगड, ओक, माती, वाळू आणि पाणी एकाच जागी मिळावं म्हणून ही ओसाड खाण निवडली. बाहेरून आणायचं काम पडलं की बैलगाड्यांच्या काळात खर्च दगडापेक्षा वाहतुकीचाच होई.

खाणकऱ्याने ओळीने खाचा पाडल्या, त्यांत लोखंडी पाचरी बसवल्या आणि प्रत्येकीवर पाळीपाळीने घण घातला. एकीवरच जोर दिला तर चीर भलतीकडे धावते. पाचरी आवळत गेल्या तसा त्यांचा सूर चढला. मग खाणकरी थांबला. काही क्षण काहीच झालं नाही, आणि दगड आतून कुरकुरत दुभंगला. मी इतकी जवळ उभी होते की ताज्या भेगेचा ओलसर वास आला.

आखणीसाठी इथे तेरा गाठींची दोरी वापरतात. गाठींमध्ये बारा सारखी अंतरं. तीन, चार आणि पाच अंतरांच्या बाजू ताणल्या की काटकोन तयार. आकडेमोड येत नसलेल्या माणसालाही भिंत गुण्यात धरता येते. या दोरीसमोर मी बराच वेळ रेंगाळले. वर भिंतीवर दगड चढवायला मोठं लाकडी चक्र आहे. माणूस त्याच्या आत शिरून चालत राहतो, दोर गुंडाळला जातो आणि ओझं सावकाश वर येतं.

सुतारांकडे ओक ओला असतानाच तासतात, कारण वाळलेला ओक कुऱ्हाडीला दाद देत नाही. खोडाचा गाभा तुळईच्या मधोमध राहील आणि लाकडाचे धागे शक्यतो तुटणार नाहीत, असं धरून घाव घालतात. तुळई थोडी वाकडी राहिली तरी चालते. ताकद त्या न तुटलेल्या धाग्यांत असते. 15 एप्रिल 2019 रोजी पॅरिसच्या नोत्र-दामचं छत जळालं. ते पुन्हा उभारताना ओकाच्या तुळया हातकुऱ्हाडीने तासल्या गेल्या आणि त्या कामात इथे हात बसलेले सुतारही होते. इथे येणाऱ्यांच्या तिकिटांवर चालणाऱ्या या जागेचं मोल मला तिथे सर्वांत जास्त कळतं.

पुइझेच्या या मुलखात 13 व्या शतकातली रातिलीची गढी आहे, आणि याच योन जिल्ह्यात वेझलेचं 12 व्या शतकातलं भव्य चर्च. मी वेझले आधी पाहिलं. आता वाटतं, आधी इथे यावं. मग तिथल्या प्रत्येक कमानीखाली लाकडी साचा दिसू लागतो, ज्यावर ती एके काळी टेकून उभी होती.

दुपारी उशिरा बुरुजावर गवंडी चुन्याचा थर पसरत होता. भिंतीच्या दोन्ही तोंडांना घडवलेले दगड, मध्ये तुकडे आणि चुना. त्याने एक तांबूस दगड बसवला, लाकडी हातोड्याने ठोकला, डोळा लावून पाहिला आणि उचलून बाजूला ठेवला. खालचा चुना थोडा खरवडला. दगड पुन्हा बसवला. मग ओळंबा सोडला आणि तो स्थिर होईपर्यंत दोन्ही हात मागे घेऊन उभा राहिला.