पालेंके : ढालीच्या नावाचा राजा

मेक्सिकोच्या चियापास राज्यात, डोंगर उतरून सखल प्रदेशाला मिळतात तिथे, दाट जंगलात पालेंके हे माया नगर उभे आहे. तिथल्या ‘शिलालेखांच्या मंदिरा’च्या जमिनीतली एक फरशी उचलून पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांनी खाली दगडमातीने बुजवलेला जिना मोकळा करायला घेतला. कित्येक हंगाम खपून १९५२ मध्ये ते एका दगडी शवपेटीपाशी पोहोचले. तिच्या सुमारे ३.८ मीटर लांब झाकणावर मागे रेललेला पुरुष कोरलेला आहे. नुसते चित्र पाहून काहींनी त्याला अवकाशयान चालवणारा परग्रहवासी ठरवले. पण झाकणाच्या कडांवर जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत, आणि पेटीच्या बाजूंवर फळझाडांसह जमिनीतून उगवणारे त्याचे आईवडील व पूर्वज, नावानिशी. मजकुरासह पाहिले की यान नाहीसे होते. उरतो पाताळाच्या जबड्यावर विसावलेला मृत राजा आणि त्याच्यावर उभा विश्ववृक्ष. माया लिपीत चित्र आणि अक्षर यांची फारकत करताच येत नाही. याच राजाचे ‘पाकाल’ हे नाव, म्हणजे ढाल, कधी ढालीच्या चित्राने लिहिले आहे, तर कधी प-क-ल अशा अक्षरचिन्हांनी.

यावर रास्त आक्षेप असा, की राजाने स्वतःविषयी कोरवलेले खरे कशावरून मानायचे? लेखांनुसार पाकाल ६०३ मध्ये जन्मला, बाराव्या वर्षी गादीवर बसला आणि ६८३ मध्ये ऐंशी वर्षांचा होऊन वारला. हाडांच्या पहिल्या तपासणीत मात्र वय चाळीस ते पन्नास निघाले. दातही फारसे झिजलेले नव्हते. खुद्द रुस यांना लेखांतले वय मान्य नव्हते, आणि तेव्हाच्या पुराव्यावर त्यांची शंका योग्यच होती. पण वृद्धांचे वय कमी धरण्याचा दोष जुन्या पद्धतींत होता. पुढच्या फेरतपासणीत सांगाडा बऱ्याच उतारवयाच्या माणसाचा ठरला, आणि दातांच्या कमी झिजेचा उलगडा राजघराण्यातल्या मऊ आहाराने होऊ शकतो. म्हणून सगळाच मजकूर इतिहास ठरत नाही. त्याच मंदिरातला लेख पाकालच्या राज्यारोहणाचा उत्सव थेट इसवी सन ४७७२ पर्यंत नेतो. ती राजसत्तेची आकांक्षा आहे आणि तशीच वाचावी लागते. तिच्या शेजारी कोरलेल्या आयुष्याच्या तारखांना तेवढ्याने बाद करता येत नाही. त्यांची बाजू आता हाडांनीही उचलून धरली आहे.