सेवा की सहावलंबन?

भिलाईचा पोलाद कारखाना अहोरात्र चालतो आणि कामगारांची घरेही त्याच्याच पाळ्यांवर चालतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळापासून निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. सासर-माहेर दूर राहिल्यामुळे घरातील अडचण पुष्कळदा पतिपत्नींनाच निभावावी लागते.

समजा, अशाच एका घरातील पती मद्याच्या आहारी गेला आहे. सकाळच्या पाळीस तो उठू शकला नाही, की ‘त्यांना ताप आहे’ असा निरोप पत्नीच धाडते. वाण्याची उधारी तीच फेडते व मुलांची समजूतही तीच घालते. शेजारीपाजारी तिची वाखाणणी करतात. परंतु व्यसनाची झळ पतीस लागतच नाही. मग ते सोडण्याची निकड त्याला भासावी कशी? इकडे तिची झोप व प्रकृती मात्र ढासळत जाते.

दुसऱ्यास सावरण्यातच स्वतःस हरवून बसण्याच्या या अवस्थेस ‘सहावलंबन’ म्हणता येईल. ही कल्पना अमेरिकेतील व्यसनमुक्तीच्या कार्यातून पुढे आली. ती मोजण्यासाठी १९९१ साली स्पॅन व फिशर यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तीत १६ विधाने असून प्रत्येकास १ ते ६ गुण असतात. म्हणजे एकूण गुण १६ ते ९६ यांच्या दरम्यान येतात. आपले लक्ष सदैव दुसऱ्याकडेच लागलेले असते काय, भावना मनातच दाबल्या जातात काय आणि जगण्याचा हेतू केवळ नात्यांतूनच लाभतो काय, हे ती तपासते.

येथे आपल्याकडील वाचक थबकेल. घरच्यांसाठी झिजणे हा तर आपण गुण मानतो! मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंत सिंह नेकी यांनीही १९७६ साली लिहिले होते, की अवलंबनाकडे पाहण्याची दृष्टी संस्कृतीप्रमाणे बदलते. शिवाय सहावलंबन हा रोगांच्या मान्य वर्गीकरणातील स्वतंत्र रोग नव्हे. म्हणून गुण अधिक आले एवढ्यावरून कोणासही रोगी ठरवू नये.

मग प्रश्नावलीचा उपयोग कोणता? ती आपणांस स्वतःकडे पाहावयास लावते. मला ‘नाही’ म्हणता येते काय? माझी मदत प्रेमापोटी आहे की भीतीपोटी? तिने समोरच्याची जबाबदारी वाढते की सुटते? गुणसंख्येपेक्षा ही उत्तरे अधिक मोलाची आहेत.

पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो; कारण उपचारांची गरज एकट्या रुग्णासच नसते. घरात मारहाण होत असेल, तर प्रथम स्वतःची व मुलांची सुरक्षितता पाहावी. एरवी सल्ल्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. आणि उद्या सकाळी गैरहजेरीचा निरोप धाडण्याची वेळ आलीच, तर तो ज्याचा त्यानेच धाडावा. तिने तेवढा वेळ आपला चहा शांतपणे घ्यावा.