अंगणातल्या कॅमेऱ्याची किल्ली कुणाकडे?

बचत गटाच्या बैठकांसाठी कळंब, भूम, उमरग्याकडे जाणं होतं, तेव्हा एक बदल हमखास दिसतो. दाराला तोरण असतं तसा आता कोपऱ्यात कॅमेराही असतो. मुलगा पुण्यात नोकरीला, आई इथं एकटी. त्याला तिकडून मोबाइलवर अंगण दिसावं, एवढाच हेतू. पण बसवणाऱ्याने नेमकं काय करून दिलं असं विचारलं, की बायका हसतात. "ते राउटरचं कायतरी केलंय बाई, आपल्याला काय कळतंय त्यातलं!"

मैत्रिणींनो, कळायला अवघड नाही. जुना वाडा आठवा. बाहेरच्याला वाड्याचा पत्ता एकच, आत खोल्या दहा. देवडीवरचा गडी अनोळखी माणसाला आत सोडत नाही. राउटर म्हणजे हाच गडी. इंटरनेटवर आपल्या घराचा पत्ता एक. आत मोबाइल, टीव्ही, कॅमेऱ्याची पेटी यांचे पत्ते वेगवेगळे. 'अमुक नंबरच्या दारावर येईल त्याला थेट कॅमेऱ्याच्या पेटीकडे ने,' असं या गड्याला कायमचं सांगून ठेवणं, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

गोम इथंच आहे. ते दार लेकाला उघडं, तसं जगातल्या कुणालाही. मध्ये कडी एकच, पासवर्डची. आणि तो पुष्कळ घरांत कारखान्यातून आला तसाच असतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. तिथला पासवर्ड 'अ‍ॅडमिन १२३' होता, असं पुढे आलं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. म्हणजे हे फार लांबचं नाही.

मग करायचं काय? कॅमेऱ्याचा आणि राउटरचा, दोन्ही पासवर्ड आजच बदला. लांब ठेवा, वेगवेगळे ठेवा. बसवणाऱ्याला विचारा, "पोर्ट उघडलाय का? कोणता?" राउटरच्या पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' या नावाखाली ती यादी दिसते. तिथं नको असलेली नोंद त्याच्याकडून समोर बसून काढून घ्या. 'यूपीएनपी' चालू असेल तर तेही बंद करायला सांगा, कारण त्यामुळे घरातली यंत्रं न विचारता दारं उघडू शकतात. आता पुष्कळ कॅमेरे कंपनीच्या अ‍ॅपवर असं दार न उघडताही दिसतात. पासवर्ड मात्र तिथंही पक्काच हवा. आणि कॅमेरा अंगणातच बरा, निजायच्या खोलीत नको.

घरच्या किल्ल्यांचा जुडगा आपल्याच कमरेला असतो ना? मग ही एक किल्लीही त्यातच असू द्या.